दुसरं बरोबर उत्तर

शिष्यवृत्तीचा निकाल लागला की आमच्या भुदरगड तालुक्यात फ्लेक्स झळकतात. गारगोटीच्या एसटी स्टँडसमोर, दूध संस्थेच्या भिंतीवर, कुठं कुठं तर पाराच्या वडालाही. मुलांचे पासपोर्ट फोटो एका रांगेत, त्यांच्या डोक्यावर मार्गदर्शक शिक्षकांचे जरा मोठे, आणि सगळ्यांच्या वर हात जोडलेला एखादा पुढारी, ज्यानं त्यातलं एकही पोर कधी पाहिलेलं नसतं. माझाही फोटो त्या मधल्या रांगेत अधूनमधून आलाय. आधार कार्डावरचा फोटो उचलून लावला होता, त्यावरून घरात बरेच दिवस हसणं चाललं होतं.

कोल्हापूर जिल्ह्याला या परीक्षेचं वेडच आहे. १९१७ साली शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हापासून शाळा हा इथं गावकीचा विषय आहे. उसाचा एकरी उतारा किती पडला आणि शाळेतली किती पोरं यादीत आली, हे दोन प्रश्न इथं एकाच आवाजात विचारतात. शिक्षकाची बदली होऊन आली की गावातला पहिला प्रश्न, "बाई, शिष्यवृत्तीचं घेता का?" नाही म्हटलं की माणूस नमस्कार करून निघून जातो.

मी घेत होते. नोकरीतला मोठा भाग त्या जादा तासांतच गेला. लांबून बघणाऱ्याला वाटतं, या परीक्षा म्हणजे एकावर एक रचलेल्या पायऱ्या आहेत. पाचवीची शिष्यवृत्ती, आठवीची शिष्यवृत्ती, आठवीतच एनएमएमएस (केंद्राची गरीब घरच्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती), मग २०२१ पर्यंत दहावीला एनटीएस (राष्ट्रीय प्रज्ञाशोध). हुशार मूल वर चढत जाणार, बेताचं खाली राहणार. प्रत्यक्षात पाचवीला जिल्ह्याच्या यादीत आलेली पोरं आठवीला घसरतात, आणि पाचवीला कशीबशी तरलेली पुढे निघून जातात. पालक म्हणतात मोबाइलमुळे, शिक्षक म्हणतात वयामुळे. मला दोन्ही कारणं अपुरी वाटतात. एक पायरी चढण्यासाठी आपण मुलाला जी सवय लावतो, तीच पुढच्या पायरीवर त्याच्या आड येते, असं माझं मत आहे. आणि ती सवय आम्हीच लावलेली असते, अगदी घोटून.

पाचवीपासून सुरू करू. दोन पेपर. पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. प्रत्येक पेपरला ७५ प्रश्न, १५० गुण आणि दीड तास. भागाकार केला तर एका प्रश्नाला ७२ सेकंद येतात. त्यात वाचायचं, सोडवायचं, चार पर्यायांतून एक निवडायचा आणि उत्तरपत्रिकेवरचा बरोबर गोल शोधून तो रंगवायचा. गोल रंगवायचा पेनानं. इथंच अर्धी पोरं गडबडतात, कारण त्यांचं सगळं जग तोवर खोडरबरचं असतं. चुकलं की खोडायचं, फुंकर मारायची, पुन्हा लिहायचं. उत्तरपत्रिकेवर एकदा गोल काळा झाला की झाला. मी झेरॉक्सवर सराव घ्यायचे तेव्हा एक मुलगा दर गोलाआधी पेन हवेत फिरवून पाच-सहा प्रदक्षिणा घालायचा आणि मगच टेकवायचा. पेपर कायम अर्धा राहायचा. मग काय करणार, आम्ही त्या प्रदक्षिणा बंद केल्या. दिसलं उत्तर की टेकव पेन. दिसलं की टेकव.

बुद्धिमत्ता चाचणीचा तास मला सगळ्यात आवडायचा. आकृत्यांची मालिका, आरशातली प्रतिमा, घड्याळ, दिनदर्शिका, नातेसंबंध, सांकेतिक भाषा. शाळेच्या वेळापत्रकात नसलेला एवढा एकच विषय, त्यामुळे त्यात कुणी आधीपासून ढ नसायचं. रांगेचा प्रश्न घ्या. मीना रांगेत डावीकडून सातवी आणि उजवीकडून अकरावी, तर रांगेत एकूण मुली किती? सात अधिक अकरा अठरा, आणि पर्यायात १८ असतोच, काढणाऱ्यानं मुद्दाम घातलेला. फळ्यावर कितीही वेळा "एक वजा करा" म्हटलं तरी पोरं विसरतात. म्हणून मी त्यांना मैदानात नेऊन उभी करायची. डावीकडून मोजत या, सातवी बाहेर काढा. तिला परत जागेवर उभी करा, आता उजवीकडून मोजा. मोजणारा तिच्यापर्यंत पोचला की ती स्वतःच ओरडायची, "ए, मला मघाशी मोजलंय!" झालं. त्या वर्गातलं एकही पोर पुढे तो प्रश्न चुकलं नाही. १७ हे उत्तर त्यांना पाठ नव्हतं, दोनदा मोजल्याची तक्रार पाठ होती.

पण अशी चैन दिवाळीपर्यंतच. त्यानंतर नुसत्या सराव प्रश्नपत्रिका. फेब्रुवारीत परीक्षा, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत सकाळी शाळेच्या आधी तास, संध्याकाळी शाळा सुटल्यावर तास. पोरं स्वेटरच्या बाहीत हात ओढून बसायची आणि नुसते अंगठे बाहेर. उत्तरसूची समोर धरून आम्ही बदाबद गुण मांडत जायचो. या दोन महिन्यांत मुलाला जे लागतं ते एकच: पहिलं बरोबर उत्तर दिसताक्षणी पकडायचं आणि पुढे पळायचं. विचार करत बसलेल्याला ७२ सेकंद पुरत नाहीत.

निकालात दोन शब्द असतात, आणि त्यातला फरक पालकांना सांगता सांगता शिक्षकाच्या नाकी नऊ येतात. प्रत्येक पेपरात चाळीस टक्के मिळाले की मूल 'पात्र'. पण शिष्यवृत्ती मिळते ती गुणवत्ता यादीत बसलेल्यांना, ठरलेल्या संचांपुरती, म्हणजे ठरलेल्या संख्येपुरती. ते 'शिष्यवृत्तीधारक'. पात्र पुष्कळ, धारक थोडे. एकदा एक बाप पेढे घेऊन आला आणि यादी बघून गप्पच झाला. "आवं बाई, पास झालाय न्हवं? मग पैसं का न्हाईत?" त्याला काय सांगणार? एका गुणावर चार-पाच पोरं अडलेली असतात आणि संच संपलेले असतात. पेढे मात्र त्यानं परत नेले नाहीत, वर्गात वाटायला लावले.

पैशाचं म्हणाल तर तो आकडा वर्षानुवर्षं हास्यास्पद होता. वर्षाला काही शे रुपये, फार तर हजार. पोरगं तालुक्याला परीक्षेला नेण्या-आणण्यात, मार्गदर्शक पुस्तकांत आणि झेरॉक्समध्ये त्याहून जास्त जायचे. २०२३ मध्ये शासनानं रक्कम वाढवली, पाचवीच्या मुलाला वर्षाला ५,००० आणि आठवीच्या मुलाला ७,५००. बरं झालं. तरी आमच्याकडे पैशासाठी कुणी मूल बसवत नव्हतं आणि आताही बसवत नाही. बसवतात ते यादीसाठी.

आता आठवी. तोच ढाचा, तेच दोन पेपर, तेवढाच वेळ. अभ्यासक्रम वाढलेला, ते ठीक. खरी मेख वेगळीच आहे. आठवीच्या परीक्षेत वीस टक्क्यांपर्यंत प्रश्न असे असतात, की चार पर्यायांतले दोन बरोबर असतात. दोन्ही गोल रंगवले तरच गुण. एकच रंगवला तर शून्य, अर्धा गुण वगैरे काही नाही.

उदाहरण मीच केलेलं देते, वर्गात पुष्कळ वापरलंय. पुढीलपैकी कोणत्या संख्या वर्गसंख्याही आहेत आणि घनसंख्याही? पर्याय: ६४, १००, ३४३, ७२९. प्रश्नाखाली 'दोन अचूक पर्याय निवडा' असं लिहिलेलं. ६४ कुणालाही दिसतो. आठाचा वर्ग, चाराचा घन, पाढ्यातलाच. गोल काळा झाला, गडी पुढे पळाला. ७२९ हा नवाचा घन आहे हेही बहुतेकांना येतं, घन पाठच असतात. तो सत्तावीसचा वर्गही आहे हे बघायला थांबावं लागतं. आणि थांबणं तर आम्हीच तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हातातून काढून घेतलेलं असतं.

एक मुलगी होती, सुताराची. चौथीला (तिच्या वेळी पहिली परीक्षा चौथीलाच होती) जिल्ह्याच्या यादीत वरती. वेग असा, की मी प्रश्न फळ्यावर लिहून पूर्ण करायच्या आत उत्तर यायचं. आठवीच्या सराव परीक्षेत ती सारखी मागे पडायला लागली. पेपर तपासताना लक्षात आलं, की दोन पर्यायांच्या प्रश्नात तिचा पहिला पर्याय नेहमी बरोबर आणि दुसऱ्याची जागा कोरी. तिला विचारलं, खाली लिहिलंय ते वाचलं नाहीस? म्हणाली, "वाचलं बाई, पण एक मिळालं की माझं डोकं पुढच्या प्रश्नावर जातं. परत येत न्हाई." इतकं नेमकं निदान एखाद्या मानसशास्त्रज्ञानंही केलं नसतं. त्याच वर्गात एक मुलगा होता, चौथीला जेमतेम पात्र. तोच तो, पेनाच्या प्रदक्षिणा घालणारा. त्याला एक उत्तर सापडलं तरी चैन पडायची नाही, उरलेले तिन्ही तपासून बघायचा, कारण पहिल्यावर त्याचा विश्वासच नसायचा. हा संशयी स्वभाव चौथीत त्याच्या मुळावर आला होता. आठवीत त्यानंच त्याला यादीत नेऊन बसवलं.

मुलीसाठी मी एक उपाय केला. दोन पर्यायांच्या प्रश्नात आधी चुकीचे दोन शोधायचे आणि त्यांवर प्रश्नपत्रिकेत काट मारायची. बरोबर शोधायचंच नाही. १०० गेला, कारण तो घन नाही. ३४३ गेला, कारण तो सातचा घन आहे पण वर्ग नाही. मग उरलं ते आपोआप. आठवडाभर ती चिडचिड करत होती. पुढे जमलं.

मधल्या एका शासकीय उलाढालीबद्दल सांगायला हवं, कारण तिचा परिणाम आमच्यासारख्या शाळांवर फार झाला. १९५४-५५ पासून ही परीक्षा चौथी आणि सातवीला होती. आमच्या पिढीची 'स्कॉलरशिप' म्हणजे चौथीची आणि सातवीचीच. शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिक टप्पा पाचवीपर्यंत आणि उच्च प्राथमिक आठवीपर्यंत धरला, त्याला जुळवून घेण्यासाठी २०१६-१७ पासून परीक्षा पाचवी-आठवीला सरकली. कागदावर तर्कशुद्ध. पण जिल्हा परिषदेच्या बहुसंख्य शाळा चौथीपर्यंतच्या किंवा सातवीपर्यंतच्या. चार वर्षं ज्या गुरुजींनी मूल घडवलं त्यांच्या हातात परीक्षाच राहिली नाही. मूल पाचवीला हायस्कूलला जाणार, तिथं नवे शिक्षक, साठ-सत्तरचा वर्ग, ओळख व्हायला दिवाळी उजाडणार, आणि फेब्रुवारीत पेपर. खेड्यातली पोरं परीक्षेला बसण्याचं प्रमाण खाली आलं ते उगाच नाही. आमच्या शाळेला आठवीचा वर्ग जोडला गेला म्हणून आम्ही वाचलो.

एनएमएमएसची गोष्ट निराळी. ही केंद्राची योजना, आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी. सरकारी आणि अनुदानित शाळेतलं मूल हवं, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. आठवीत परीक्षा, बौद्धिक क्षमता चाचणी आणि शालेय क्षमता चाचणी, दोन्हीत नव्वद-नव्वद प्रश्न. महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ विद्यार्थ्यांचा. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये. चार वर्षांचे अठ्ठेचाळीस हजार. शेतमजुराच्या घरात मुलगी दहावीनंतर पुढे शिकणार की लग्नाच्या गोष्टी सुरू होणार, हे एवढ्या रकमेनं ठरू शकतं, ठरलेलं मी बघितलंय.

पण इथं परीक्षेपेक्षा परीक्षेनंतरची पायरी उंच आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. मुलाच्या नावाचं बँक खातं, आधारला जोडलेलं. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज, शाळेकडून पडताळणी, वरच्या कार्यालयाकडून पडताळणी, आणि हे सगळं दर वर्षी नव्यानं. आधारवर नाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, बँकेत आडनाव आधी. एका मुलाच्या बापाचं नाव एका कागदावर 'पांडुरंग' आणि दुसऱ्यावर 'पांडूरंग' होतं. एका ऱ्हस्व-दीर्घ उकाराच्या फरकानं त्याचा अर्ज परत आला. गणितात पैकीच्या पैकी घेणारा तो मुलगा मला विचारत होता, "बाई, यातलं बरोबर कुठलं धरायचं?" त्याच्या बापाला विचारलं तर तो म्हणाला, "मला समदी पांडबाच म्हणत्यात."

या पायरीवर मूल एकटं काहीच करू शकत नाही. इथं लागतो तो मागे लागणारा माणूस. बाप मजुरीला, आई मजुरीला, एक दिवस दाखल्यासाठी गारगोटीला जायचं म्हणजे दोघांचा रोज बुडणार. मग वर्गशिक्षक जातो, किंवा गावातला एखादा नेट कॅफेवाला भला निघतो, किंवा कुणीच जात नाही आणि निवड झालेलं नाव यादीत तसंच पडून राहतं. परीक्षेत ज्यानं स्वतःच्या हिमतीवर सगळं केलं, त्याला आता दहा जणांना विनवण्या करता आल्या पाहिजेत. हुशार पोरांना हे फार जड जातं. उत्तर स्वतः काढायचं, शेजारच्याकडे बघायचं नाही, हे त्यांच्या अंगात भिनलेलं असतं.

एनटीएस, म्हणजे राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा, हा या सगळ्याचा कळस होता. १९६३ साली दिल्लीत सुरू झाली तेव्हा फक्त दहा शिष्यवृत्त्या होत्या आणि त्या विज्ञानासाठी. पुढच्याच वर्षी ती देशभर गेली. १९७६ पासून तिच्यात सामाजिक शास्त्रंही आली. (साठच्या त्या दशकात दिल्लीत शिक्षणावर मोठा खल चालू होता, आणि कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते आमच्या गारगोटीला मौनी विद्यापीठ उभारणारे जे. पी. नाईक. हे मी संधी मिळेल तिथं सांगते.) १९८५ नंतर तिचे दोन टप्पे झाले, आधी राज्याची परीक्षा आणि त्यातून निवडलेल्यांची राष्ट्रीय परीक्षा. अलीकडच्या वर्षांत अकरावी-बारावीला महिना १,२५० रुपये आणि पुढे पदवीला महिना २,००० असे पैसे मिळत.

राज्याच्या टप्प्यापर्यंत आमच्याकडची पद्धत चालायची. भरपूर सराव, वेग, जुन्या प्रश्नपत्रिका. राष्ट्रीय टप्प्यावर ती हात वर करायची. तिथं शंभर प्रश्न बौद्धिक क्षमतेचे आणि शंभर शालेय विषयांचे असत, त्यात चाळीस विज्ञान, चाळीस सामाजिक शास्त्रं, वीस गणित. मधली काही वर्षं चुकीच्या उत्तराला गुण कापायचे. म्हणजे आता सोडून देणं शिकायचं. आठवीच्या वर्गात आम्ही काय सांगितलेलं असतं? एकही गोल कोरा ठेवायचा नाही, येत नसेल तर अंदाज मारायचा, देवाचं नाव घ्यायचं. हे ज्यांनी मनापासून ऐकलं त्यांचे गुण तिथं कापले जायचे. शिवाय हायस्कूलच्या पुस्तकापलीकडचे प्रश्न असायचे, ते कुठून शिकायचे? शहरांतल्या क्लासमध्ये त्यासाठी वेगळी तुकडी असायची. आमच्याकडे गणिताचे सर आणि त्यांचं जुनं कपाट.

एके काळी या दोन टप्प्यांनंतर मुलाखतही असे. माझे एक सहकारी त्या मुलाखतीपर्यंत पोचलेले. ते सांगायचे ती हकिकत मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते. त्यांना विचारलं, तुमच्या भागात ऊस एवढा का लावतात? त्यांनी भूगोलाच्या पुस्तकातलं उत्तर दिलं: काळी जमीन, पाणी, उष्ण हवामान. समोरचे गृहस्थ म्हणाले, हे तर भाताला पण चालेल, मग भात का नाही? सर गप्प. त्यांना सवय होती चार पर्यायांची, आणि इथं पर्यायच नव्हते. घरी चुलते रोज बैलगाडीनं कारखान्यावर ऊस नेत होते, कारखान्याचा भाव घरातल्या जेवणाच्या पानावर बोलला जायचा, भाताला असा बांधील गिऱ्हाईक नाही हे त्यांना शेंबड्या वयापासून ठाऊक होतं. पण ते 'उत्तर' आहे असं त्यांना वाटलंच नाही. पुस्तकातलं तेवढं उत्तर, घरातलं ते नुसतं बोलणं. शिष्यवृत्ती काही मिळाली नाही. तीस-पस्तीस वर्षं झाली तरी सर गाळप हंगाम सुरू झाला की हा किस्सा काढतात, आणि दर वेळी त्या गृहस्थांना द्यायला हवं होतं ते उत्तर जरा आणखी लांबतं. आता त्यात इथेनॉलही आलंय.

मुलाखत पुढे बंद झाली. नुसते गोल उरले.

सुताराच्या मुलीची एनटीएसची कथा मात्र कुठल्याच सवयीत बसत नाही. दहावीत तिनं राज्याचा टप्पा पार केला. राष्ट्रीय परीक्षा मे २०२० मध्ये व्हायची होती. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. परीक्षा पुढे ढकलली, पुन्हा ढकलली. मुलगी दहावी झाली, अकरावी विज्ञानाला गेली, अकरावीचं वर्ष घरातच मोबाइलवर सुरू झालं, तेही डोंगराकडेच्या वाडीत, जिथं रेंज मिळवायला टेकाडावर चढायला लागतं. दहावीचा इतिहास-नागरिकशास्त्र विसरायचं नाही आणि अकरावीचं भौतिकशास्त्र मागे पाडायचं नाही. शेवटी परीक्षा झाली १४ फेब्रुवारी २०२१ ला. तोवर तिची दहावीची पुस्तकं शेजारच्या मुलीकडे गेली होती, ती आठवड्यापुरती उसनी आणली. तिची निवड झाली नाही. मी भेटायला गेले तेव्हा ती रंधा मारणाऱ्या बापाला फळीचं माप सांगत होती. निकालाचा विषय तिनंच काढला आणि तिनंच संपवला: "बाई, भूमितीचे दोन मुद्दाम सोडले. तेवढं मात्र जमलं." आता ती अभियांत्रिकीला आहे, तंत्रनिकेतनातून थेट दुसऱ्या वर्षाला गेली. अकरावी मध्येच सोडून तिकडं जायचा निर्णय तिचा, घरच्यांना आणि मला नंतर कळला.

तिच्यानंतरच्या तुकडीचा राष्ट्रीय टप्पा ऑक्टोबर २०२१ मध्ये झाला, आणि त्यानंतर एनटीएस झालेलीच नाही. योजनेची मंजुरी मार्च २०२१ पर्यंतचीच होती. पुढचं नूतनीकरण झालं नाही, परीक्षा स्थगित राहिली. त्याच सुमाराला विज्ञानाच्या मुलांची किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनाही गुंडाळली गेली. आमच्याकडच्या पालकांना हे अजून पुरतं माहीत नाही. आठवीच्या यादीत आलेल्या मुलाचे वडील अजून विचारतात, "आता दहावीला ती दिल्लीची, न्हवं?" त्यांना ती नाही म्हणून सांगितलं की वाटतं, बाईंना माहिती नसंल.

खालच्या टोकाला पुन्हा हालचाल आहे. शिष्यवृत्ती परत चौथी-सातवीला आणायचं शासनानं ठरवलंय. चौथीपर्यंतच्या शाळांचे गुरुजी खूश आहेत, आणि का असू नयेत? परीक्षा त्यांच्याकडे परत येतेय. परवा एक तरुण शिक्षिका माझ्याकडच्या जुन्या चौथीच्या प्रश्नपत्रिका मागायला आली. गठ्ठा दिला. म्हटलं, मार्गशीर्षापर्यंत यातली एकही सोडवून घेऊ नकोस, तोवर पोरांना मैदानात उभी कर आणि रांगा मोजू दे. ती म्हणाली, केंद्रप्रमुखांनी जूनपासूनच दर शनिवारी सराव चाचणी लावलीय, गुण त्याच दिवशी ग्रुपवर टाकायचे.

माझ्या हातात असतं तर मी वरची पायरी पुन्हा बांधली असती आणि तिच्यात मुलाखत परत घातली असती. खर्च येतो, वशिला शिरतो, इंग्रजी फाडफाड बोलणारी पोरं बाजी मारतात, हे सगळे आक्षेप मला मान्य आहेत. तरी घातली असती, तीही मराठीत आणि तालुक्याला. निदान दहावीतल्या एखाद्या पोराला कुणीतरी चार पर्याय न देता विचारील, की तुमच्याकडे ऊसच का?